चक्करच्या गोळीपासून पार्किन्सन्सपर्यंत: जेरियाट्रिक सीएमईसाठी घेतलेलं एक प्रकरण

रेफरलच्या चिठ्ठीवर चारच ओळी होत्या. वय ७८, पुरुष, पार्किन्सन्स, औषधाला म्हणावा तसा प्रतिसाद नाही, रात्री खोलीत माणसं दिसतात, परवा रात्री लघवीला उठताना पडले, डोस ठरवून द्यावा. आमच्या क्लिनिकला अशा चिठ्ठ्या बऱ्याच येतात आणि खरी गोम बहुतेक वेळा चिठ्ठीत नसतेच, औषधांच्या पिशवीत असते. ही केस मी नंतर जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरांच्या जेरियाट्रिक सीएमईसाठी, म्हणजे वयस्करांच्या वैद्यकावरच्या शिक्षणसत्रासाठी वापरली, आजोबांची आणि त्यांच्या मुलाची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील बदलून. इथे सविस्तर लिहितेय कारण या केसमध्ये कुणी एकानेच मोठा घोळ घातला असं अजिबात नाही, प्रत्येक डॉक्टरचा निर्णय त्या दिवशी, त्या तक्रारीपुरता बघितला तर पटण्यासारखा होता, आणि म्हणूनच शिकायला ही केस फार चांगली आहे.

पिशवीत सात प्रकारच्या गोळ्या निघाल्या. बीपीची टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र असलेली, प्रोस्टेटची टॅमसुलोसिन आणि ड्युटास्टेराइड एकत्र असलेली, चक्करची सिनॅरिझिन आणि डायमेनहायड्रिनेट एकत्र असलेली, पार्किन्सन्सची लेव्होडोपा-कार्बिडोपा दिवसातून तीनदा, रात्री भासांसाठी क्वेटियापिन, सकाळी ॲसिडिटीची पॅन्टोप्राझोल आणि जेवणानंतर ॲस्पिरिन. गोळ्या सात पण औषधं मोजली तर अकरा. हा फरक मी सेशनमध्ये सगळ्यात आधी काढते कारण कॉम्बिनेशन गोळीच्या नावात दुसरं औषध लपून जातं, "चक्करची गोळी" म्हटलं की डायमेनहायड्रिनेट डोळ्यासमोर येतच नाही, आणि ते तर चांगलं कडक अँटिकोलिनर्जिक आहे, म्हणजे ॲसिटिलकोलिन या मज्जासंदेशकाला अडवणारं, प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी अडवणारं.

सेशनमध्ये मी मुद्दाम हिस्टरी आधी दिली नाही. फक्त चिठ्ठी आणि गोळ्यांची यादी दिली आणि विचारलं, आता काय कराल. हॉलमध्ये बहुतेक फॅमिली डॉक्टर होते, दोन फिजिशियन, एक फार्मासिस्ट आणि एक फिजिओथेरपिस्ट. उत्तरं पटापट आली, लेव्होडोपा वाढवा, क्वेटियापिन वाढवा, नाही क्वेटियापिन नको भास लेव्होडोपामुळेच आहेत, मेंदूचा एमआरआय करा, न्यूरोलॉजिस्टकडे परत पाठवा. सगळी चर्चा पार्किन्सन्स हे निदान पक्कं धरून. मग मागच्या रांगेतून एका तरुण डॉक्टरने विचारलं, "पण मॅडम, पहिली चक्कर कधी आली होती?" आणि तिथून केस उलगडायला लागली.

पुढचं काम पेन्सिल आणि कागदाचं. एक आडवी रेघ ओढायची, वरच्या बाजूला प्रत्येक औषध सुरू झाल्याची तारीख, खालच्या बाजूला प्रत्येक तक्रार सुरू झाल्याची तारीख. यासाठी घरच्यांना वेळ देऊन विचारावं लागतं. आजोबांच्या सुनेने जुन्या चिठ्ठ्या एका फाईलमध्ये नीट लावून ठेवल्या होत्या म्हणून आमचं काम सोपं झालं, एरवी केमिस्टची बिलं सुद्धा कामाला येतात. रेघेवर जे दिसलं ते असं. बीपीची गोळी कित्येक वर्षं चालू होती आणि त्रास काही नव्हता. साधारण दोन वर्षांपूर्वी लघवीची धार बारीक झाली म्हणून टॅमसुलोसिन सुरू झालं. त्यानंतर काही आठवड्यांतच उठलं की गरगरायला लागलं, पण तोपर्यंत टॅमसुलोसिन देणारा डॉक्टर वेगळा आणि चक्कर बघणारा वेगळा. चक्कर म्हटल्यावर चक्करची गोळी आली, आणि ती थांबवायची कुणी हे कुणालाच सांगितलेलं नव्हतं त्यामुळे ती रिपीट होत राहिली. लघवी पुन्हा अडायला लागली, बद्धकोष्ठ सुरू झालं, तेव्हा ड्युटास्टेराइड जोडलं गेलं. सात-आठ महिन्यांनी हात थरथरायला लागले, दोन्ही एकदमच, चाल बारीक पावलांची झाली, चेहरा मख्ख, शर्टाची बटणं लावायला सुनेला बोलवायला लागले. पार्किन्सन्स असं निदान झालं आणि लेव्होडोपा सुरू. फरक फारसा नाही, उलट उठल्यावरचं गरगरणं वाढलं आणि रात्री भास सुरू झाले. भासांसाठी क्वेटियापिन. आणि मग रात्री लघवीला उठताना पडले.

रेघ पूर्ण झाल्यावर हॉलमध्ये एकदम शांतता झाली. सिनॅरिझिन हे कॅल्शियम चॅनल ब्लॉकर आणि अँटिहिस्टॅमिन म्हणून आपल्याला माहीत असतं पण ते मेंदूत डोपामिनचे, म्हणजे हालचाली सुरळीत ठेवणाऱ्या रसायनाचे, डी-२ रिसेप्टरही अडवतं, म्हातारपणी डोपामिनचा साठा आधीच कमी झालेला असतो, त्यात महिनोन्महिने ही गोळी चालू राहिली की पार्किन्सन्ससारखंच चित्र तयार होतं. फ्लुनॅरिझिन, प्रोक्लोरपेराझिन, मेटोक्लोप्रामाइड हीसुद्धा त्याच वाटेवरची. हे काही नवीन नाही. १९९५ साली ॲव्हॉर्न आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं होतं की मेटोक्लोप्रामाइड घेणाऱ्या वयस्कर पेशंटना लेव्होडोपा सुरू होण्याची शक्यता न घेणाऱ्यांच्या जवळपास तिप्पट होती, म्हणजे गोळीचा दुष्परिणाम नवा आजार समजून त्याला दुसरी गोळी दिली जात होती. १९९७ मध्ये रोशॉन आणि गुरविट्झ यांनी बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकातल्या लेखात याच साखळीला प्रिस्क्रायबिंग कॅस्केड म्हणून मांडलं. इतकी वर्षं झाली तरी आपल्या ओपीडीत हे रोज घडतंय आणि मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण त्या आजोबांनी एक अख्खं वर्ष "मला पार्किन्सन्स आहे" असं समजून काढलं, चालायला जाणं बंद केलं, लोकांसमोर चहाचा कप उचलणं बंद केलं.

एका डॉक्टरांनी विचारलं, बीअर्सची यादी, म्हणजे वयस्करांत शक्यतो टाळायच्या औषधांची यादी, वापरली असती तर सापडलं असतं का? प्रश्न चांगला होता. मार्क बीअर्स यांनी ती यादी १९९१ मध्ये नर्सिंग होममधल्या पेशंटसाठी केली, आता अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटी ती सुधारत असते, २०२३ मध्येही सुधारली, आणि ती पाठ असणं उपयोगाचंच आहे. पण सिनॅरिझिन अमेरिकेत विकलंच जात नाही त्यामुळे त्या यादीत ते तुम्हाला नावाने भेटणार नाही. म्हणून मी शिकवताना याद्यांवर थोडा वेळ देते आणि औषध शरीरात नक्की काय करतं यावर जास्त. यादीत नसलेलं औषध पकडायचं असेल तर एकच सवय लागते, वयस्कर पेशंटची कुठलीही नवी तक्रार आली की आधी "हे एखाद्या गोळीमुळे आहे का" हा प्रश्न, नवं निदान त्यानंतर.

आता तपासणी. इथे फार महागडं काही केलं नाही. पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी १४८/८२, नाडी ७२. उभं केल्यावर एका मिनिटाला ११८/७०, तीन मिनिटांनी ११२/६८, नाडी ९४, आणि आजोबा म्हणाले डोळ्यांपुढे अंधारी येतेय. तीन मिनिटांच्या आत वरचं बीपी २० किंवा खालचं १० ने उतरलं तर ते ऑर्थोस्टॅटिक हायपोटेन्शन, इथे वरचं ३६ ने उतरलं होतं. नाडीचा आकडा मात्र फार बोलका आहे आणि तो लोक लिहीतच नाहीत. बीपी ३६ ने उतरलं तेव्हा नाडी २२ ने वाढली, म्हणजे दर एका मिलिमीटरमागे ०.६ ठोके. हे प्रमाण ०.५ च्या खाली असतं तर मज्जातंतूंच्या पातळीवरचा बिघाड, जसा खऱ्या पार्किन्सन्समध्ये किंवा त्याच्यासारख्या दिसणाऱ्या मल्टिपल सिस्टिम ॲट्रॉफी या आजारात दिसतो, तो जास्त संभवला असता. इथे हृदय आपलं काम करत होतं, रक्तवाहिन्या औषधांनी सैल पडल्या होत्या आणि शरीरात पाणी कमी होतं. या एकाच आकड्याने निदान ठरत नाही, पण संशय गोळ्यांकडे वळवायला एवढं पुरे.

खरं सांगायचं तर त्या दोन वर्षांत आजोबांचं बीपी कितीतरी वेळा मोजलं गेलं होतं आणि फाईलमधली सगळी रीडिंग बसूनच घेतलेली. चक्कर येणाऱ्या वयस्कर माणसाला उभं करून बीपी मोजायला पाच-सहा मिनिटं जास्त लागतात आणि गर्दीच्या ओपीडीत ती मिळत नाहीत हे मला कळतं. म्हणून सेशनमध्ये आम्ही ते काम नर्सला किंवा असिस्टंटला कसं शिकवायचं यावरच बराच वेळ घालवला, पेशंटला झोपवून ठेवायचं, तोवर डॉक्टरने दुसरा पेशंट बघायचा, मग उभं करून घड्याळ लावायचं, शेजारी माणूस उभा ठेवायचा, आणि उभं राहवत नसेल तर बसवून मोजायचं आणि तसं लिहायचं.

रिपोर्टमध्ये सोडियम १२९ म्हणजे बरंच कमी होतं, बीपीच्या गोळीतल्या थायझाइडमुळे, कमी वजनाच्या म्हाताऱ्या माणसांत हे हमखास बघावं. क्रिएटिनिन १.२, लॅबने समोर नॉर्मल लिहिलेलं. वजन ५० किलो, वय ७८, कॉकक्रॉफ्ट-गॉल्टच्या सूत्राने काढलं तर क्लिअरन्स, म्हणजे मूत्रपिंडाची रक्त गाळण्याची क्षमता, येते मिनिटाला ३६ मिली, म्हणजे कमी. स्नायू झिजले की क्रिएटिनिन कमी तयार होतं आणि रिपोर्ट नॉर्मल दिसतो. लघवी झाल्यावर मूत्राशयात १८० मिली शिल्लक. खुर्चीतून उठून तीन मीटर चालून परत येऊन बसायला ३१ सेकंद. वास नीट येत होता, झोपेत ओरडणं हातपाय मारणं पूर्वीही नव्हतं, कंप दोन्ही बाजूंना सारखा आणि लेव्होडोपाचा फायदा नगण्य. हे सगळं खऱ्या पार्किन्सन्सच्या विरोधात जाणारं, यातलं एकेक लक्षण सुटं घेतलं तर कच्चं आहे, पण रेघेवरच्या तारखांबरोबर ठेवलं की वजन येतं.

सगळ्यात जास्त वाद झाला तो काय थांबवायचं यावर नाही, कोणत्या क्रमाने थांबवायचं यावर. एकाने तर सगळंच एकदम बंद करा म्हटलं. तसं करता येत नाही. लेव्होडोपा अचानक थांबवलं तर ताप, प्रचंड ताठरपणा, शुद्ध हरपणं असं न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोमसारखं जीवघेणं प्रकरण होऊ शकतं. आणि सगळं एकदम बदललं तर कशामुळे बरं वाटलं आणि कशामुळे बिघडलं हेही कळत नाही. आम्ही ठरवलं ते असं, आधी साखळीची मूळ कडी, म्हणजे चक्करची गोळी पूर्ण बंद. त्याच दिवशी बीपीच्या गोळीतून थायझाइड काढून नुसतं टेल्मिसार्टन, कारण सोडियम १२९ असताना थांबायला वेळ नव्हता. मग दोन आठवडे थांबून बीपी आणि सोडियम. त्यानंतर न्यूरोलॉजिस्टच्या संमतीने लेव्होडोपा हळूहळू उतरवत न्यायचं, आणि लेव्होडोपा कमी झाल्यावर भास गेले तर क्वेटियापिन. ॲस्पिरिनचा विषय शेवटी ठेवला, आजोबांना हार्टचा किंवा स्ट्रोकचा इतिहास नव्हता, आणि अशा वयस्कर निरोगी माणसांत ॲस्पिरिनचा फायदा दिसत नाही, गंभीर रक्तस्राव मात्र वाढतो हे २०१८ च्या ॲस्प्री ट्रायलमध्ये स्पष्ट झालंय. ॲस्पिरिन गेलं की पॅन्टोप्राझोलचंही कारण उरत नव्हतं.

टॅमसुलोसिनवर मात्र एकमत झालं नाही. ते रात्री दिलं तर परिणाम पहाटे जोरात असतो आणि नेमकं तेव्हाच आजोबा लघवीला उठतात, दिवसा दिलं तर दिवसाची चक्कर. बंद केलं तर १८० मिलीचं काय? फिजिशियनांपैकी एकाचं म्हणणं, आधी डायमेनहायड्रिनेट जाऊ दे, मूत्राशय मोकळं होतंय का बघू, मग ठरवू. मला ते पटलं. तोवर फिजिओथेरपिस्टने सुचवलं की पलंगाशेजारी युरिन पॉट ठेवा, रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसून पाय हलवा, बाथरूमपर्यंत मंद दिवा ठेवा. डॉक्टरांच्या चर्चेत हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं, म्हणून अशा सेशनला फिजिओ आणि फार्मासिस्ट पाहिजेतच असं माझं ठाम मत आहे.

यानंतरचा भाग औषधांचा नव्हता आणि तरीही सर्वात अवघड होता. हॉलमधल्या बऱ्याच जणांनी मोकळेपणाने सांगितलं की आम्हाला संशय येतो, पण स्पेशालिस्टने लिहिलेली गोळी आम्ही कशी थांबवणार, ते काय म्हणतील, पेशंट काय म्हणेल. म्हणून आम्ही फोन कसा करायचा याची तालीम घेतली, दोघादोघांच्या जोड्या करून, एक जण फॅमिली डॉक्टर, एक जण न्यूरोलॉजिस्ट. पहिल्या फेरीत सगळे एकतर माफी मागत होते नाहीतर आरोप केल्यासारखं बोलत होते. दुसऱ्या फेरीत एका डॉक्टरांनी जे वाक्य वापरलं ते मी लिहून घेतलं: "सर, तुमच्या पेशंटबद्दल बोलायचंय, त्यांना लेव्होडोपा सुरू व्हायच्या आधी आठ महिने सिनॅरिझिन चालू होतं, ते तुमच्यापर्यंत पोचलं नसावं, मी ते थांबवतोय, उभं राहिल्यावर बीपी ३६ ने उतरतंय, लेव्होडोपा कसं कमी करू ते सांगाल का?" यात माहिती आहे, पुढचं पाऊल आहे आणि समोरच्याचा मानही आहे. प्रत्यक्षात मी आजोबांच्या न्यूरोलॉजिस्टशी बोलले तेव्हा त्यांना ती गोळी चालू असल्याचं खरंच माहीत नव्हतं, "चक्करची साधी गोळी" समजून आजोबांनी ती त्यांना सांगितलीच नव्हती. डोस उतरवायचं वेळापत्रक त्यांनीच ठरवून दिलं.

घरच्यांशी बोलणं वेगळं. मुलगा म्हणाला, डॉक्टर, गोळ्या कमी करताय म्हणजे आता काही उपाय राहिला नाही का? हा प्रश्न जवळपास प्रत्येक घरात येतो आणि त्याला घाईत उत्तर दिलं की पेशंट गुपचूप जुन्या गोळ्या चालू ठेवतो. मी रेघेचा कागदच त्यांच्यासमोर ठेवला, ही गोळी इथे आली, हा कंप इथे आला. सून लगेच म्हणाली, "हो, ह्या गोळीनंतरच आजोबांचं हसणं गेलं." आजोबांनी एवढंच विचारलं, "मग मला तो आजार नाही का?" मी म्हटलं, आजोबा, आज पक्कं सांगता येणार नाही, काही महिने गोळीशिवाय बघू, बरं वाटायला वेळ लागेल, पण नसण्याची शक्यता बरीच आहे.

सोडियम दोन आठवड्यांत १३६ वर आलं आणि उभं राहिल्यावरची उतरण १४ वर. बद्धकोष्ठ सुटलं, मूत्राशयात शिल्लक ७० मिलीच्या आसपास राहायला लागली, त्यामुळे टॅमसुलोसिन तसंच ठेवलं आणि वेळ बदलायची गरज पडली नाही. लेव्होडोपा निम्म्यावर आल्यावर भास गेले, मग क्वेटियापिन गेलं. कंप मात्र लगेच गेला नाही, आणि हे सेशनमध्ये आवर्जून सांगते, कारण महिन्याभरात फरक दिसला नाही की लोक पुन्हा लेव्होडोपा सुरू करतात. औषधाने आलेला पार्किन्सनिझम उतरायला कित्येकदा महिने लागतात. आजोबांची चाल तिसऱ्या महिन्यात सुधारली, पाचव्या महिन्यात खुर्चीची चाचणी १६ सेकंदांवर आली.

आता सीएमईबद्दल, कारण मूळ विषय तोच. जेरियाट्रिक्सवरची व्याख्यानं मी खूप ऐकली आणि दिलीही. डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये जामा या वैद्यकीय नियतकालिकात सगळे चांगले अभ्यास एकत्र करून दाखवलं की नुसत्या व्याख्यानाने डॉक्टरांचं वागणं बदलत नाही, चर्चा, सराव, स्वतः करून बघणं असेल तर बदलू शकतं. तरी अजून आपण स्लाइड दाखवतो, सही घेतो, क्रेडिट पॉइंट देतो. मला ते पुरेसं वाटत नाही, कारण वयस्कर पेशंटचं वैद्यक हे एका अवयवाचं ज्ञान नाही, ते एका माणसाच्या सगळ्या चिठ्ठ्या एकत्र वाचण्याचं कसब आहे, आणि कसब हात घातल्याशिवाय येत नाही. म्हणून या केसनंतर परीक्षा घेतली नाही. प्रत्येकाला सांगितलं, पुढच्या वेळी येताना स्वतःच्या प्रॅक्टिसमधले ७० च्या पुढचे असे पेशंट शोधून आणा ज्यांची चक्करची गोळी तीन महिन्यांहून जास्त चालू आहे, त्यांचं उभं राहून घेतलेलं बीपी आणा आणि ती तारखांची रेघ आणा, नावं झाकून.

जवळपास प्रत्येकाकडे असे पेशंट निघाले. फार्मासिस्टने तर न सांगताच रिपीट होणाऱ्या चिठ्ठ्यांतून यादी काढून त्या त्या डॉक्टरांना फोन केले. आपलीच आकडेवारी समोर आली की बदल होतो, फार मोठा नाही, ऑडिट आणि फीडबॅकवरच्या, म्हणजे डॉक्टरांना त्यांचीच कामगिरी मोजून दाखवण्यावरच्या, अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०१२ च्या कॉक्रन आढाव्यात मधला आकडा साधारण ४ टक्क्यांच्या सुधारणेचा आहे, पण जिथे सुरुवातीची कामगिरी कच्ची असते तिथे जास्त फरक पडतो. चक्करच्या गोळीच्या बाबतीत आपण नक्कीच कच्चे आहोत, त्यामुळे मला आशा आहे.

आजोबांच्या उजव्या हातात थोडा ताठरपणा अजून आहे. काही पेशंटमध्ये औषधाने फक्त पडदा उघडतो, आत खरा आजार हळूहळू सुरू झालेला असतो, म्हणून दर तीन महिन्यांनी न्यूरोलॉजिस्ट त्यांना बघतायत आणि मेंदूतल्या डोपामिनच्या पेशी शाबूत आहेत का ते दाखवणारा डोपामिन ट्रान्सपोर्टर स्कॅन लागला तर करायचा असं ठरलंय, औषधाने आलेल्या पार्किन्सनिझममध्ये तो नॉर्मल येतो. बीपी आता दर भेटीत झोपून आणि उभं राहून घेतलं जातं, नाडीसकट.